मोडलेला पाय, जुनी सायकल आणि आपला मान

गेल्या वर्षी जुलै महिन्यात मुरबाड कोर्टातले काम आटोपून शहापूरकडे परतताना भर पावसात आमची मोटरसायकल घसरली आणि डाव्या पायाची नडगी मोडली. कुणी धडक दिली नाही. वळणावर सैल खडी होती आणि आम्हाला घरी पोहोचण्याची घाई होती, एवढेच. हाडात सळई घालावी लागली. साडेतीन महिने काळा कोट खुंटीवर राहिला. वकिलाला पगार नसतो, पगारी रजा नसते. तारखेला उभे राहिले तरच घरात पैसा येतो. तालुक्याच्या कोर्टात प्रॅक्टिस करणाऱ्या आणि चळवळीतल्या माणसांची प्रकरणे बिनफीची चालवणाऱ्या वकिलाचे घर हे साडेतीन महिने कसे चालले असेल, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

हा लेख मात्र अपघाताविषयी नाही. सळई, टाके, औषध हे डॉक्टर करतात. त्यानंतर माणूस पुन्हा चालता कसा होतो आणि कमी पैशात कसा होतो, याविषयी आपल्या वस्त्यांमध्ये फारसे बोलले जात नाही. आपली माणसे बांधकामावरून पडतात, कंपनीत यंत्रात सापडतात, मोटरसायकलवरून पडतात. हाड जुळते, पण पाय आखडून बसतो. कारण ऑपरेशनलाच उसनवारी झालेली असते आणि नंतरच्या व्यायामाला पैसा उरलेला नसतो. चाळिशीतला कमावता माणूस ओट्यावर बसून राहतो. आमचेही तसेच होणार होते. ते झाले नाही याचे श्रेय डॉक्टरांइतकेच एका जुन्या सायकलीला आहे, म्हणून हे लिहितो आहोत.

सहा आठवडे झाल्यावर डॉक्टरांनी सांगितले की हाड धरू लागले आहे, पण गुडघा वाकत नाही आणि मांडीचे स्नायू आटले आहेत. जागेवर सायकल चालवा. शहरात फिजिओथेरपीला एका वेळचे ४०० रुपये, आठवड्यातून तीन वेळा, शिवाय जाण्यायेण्याची रिक्षा. व्यायामाच्या सायकलयंत्राची किंमत विचारली तर ती १० हजारांच्या पुढे. घरी पडवीत मुलीची सायकल पडून होती. ती आठवीत असताना घेतलेली. आता ती कल्याणला कॉलेजात शिकते. गावातल्या सायकलवाल्याने त्या सायकलीला जुन्या पद्धतीचा दोन पायांचा स्टँड बसवून दिला, दूधवाल्यांच्या सायकलींना असतो तसा. हा स्टँड लावला की मागचे चाक जमिनीवरून उचलले जाते आणि पायडल जागच्या जागी फिरते. आमचे व्यायामाचे यंत्र २८० रुपयांत तयार झाले.

पहिल्या दिवशी पायडलचा पूर्ण फेरा झाला नाही. गुडघा काटकोनापेक्षा बराच जास्त वाकला तरच पायडल वरून फिरते. फिजिओथेरपिस्ट बाईंनी बजावले होते, जबरदस्ती करू नका; अर्धा फेरा पुढे, अर्धा फेरा मागे, दुखणे वाढले की थांबा. पडवीच्या खांबाला धरून आम्ही आठ दिवस तेवढेच केले. नवव्या दिवशी पायडल वरून फिरले. मुलगी त्या दिवशी घरी होती. ती ओरडली, 'पप्पा, गेलं वरून!' कोर्टात अनेक निकाल आमच्या बाजूने लागले आहेत, पण त्या सकाळइतका आनंद क्वचितच झाला असेल.

डिसेंबरमध्ये रस्त्यावर सायकल चालवण्याची परवानगी मिळाली. खरी परीक्षा तिथे सुरू झाली. मुलीची सायकल म्हणजे लेडीज सायकल. दुखऱ्या पायासाठी याहून सोयीची सायकल नाही, कारण मधला दांडा नसल्यामुळे पाय उचलून पलीकडे टाकावा लागत नाही आणि सीट खाली घेतली की बसल्या जागी दोन्ही पाय जमिनीला टेकतात. पण नाक्यावर पहिल्याच दिवशी एकाने विचारले, 'काय वकीलसाहेब, गाडी विकली काय?' दुसरा म्हणाला, 'आणि सायकल पण पोरीची?' सगळे हसले, आम्हीही हसलो. दुसऱ्या दिवसापासून आम्ही पहाटे अंधारात बाहेर पडू लागलो आणि उजाडण्यापूर्वी घरी येऊ लागलो. स्त्री-पुरुष समतेवर भाषणे देणारे आम्ही, मुलीच्या सायकलवर दिसायला लाजलो, हे कबूल केले पाहिजे.

चार दिवस हा प्रकार आईने पाहिला. पाचव्या पहाटे ती चुलीपासून न उठताच म्हणाली, 'तुझा बाप वाड्यापुढं सायकलवरून उतरायचा, ते लोकांच्या भीतीनं. तू कुणाच्या भीतीनं अंधारात जातोस?'

वडिलांची ती गोष्ट आम्हाला ठाऊक होती, पण विसरल्यासारखी झाली होती. आमच्या मूळ गावात साठच्या दशकात वडिलांनी आपल्या वाड्यातली पहिली सायकल घेतली. गावच्या मोठ्या वाड्यापुढून जाताना ते खाली उतरत, सायकल हाताने ढकलत नेत आणि वाडा मागे पडल्यावर पुन्हा चढत. कुणी लेखी हुकूम काढला नव्हता. एकदा अडवले होते, तेवढे पुरले. पुढे धम्मदीक्षेनंतरची जाण गावात रुजली, तरुणांची फळी उभी राहिली आणि एक दिवस वडील न उतरता वाड्यापुढून गेले. त्या दिवशी घरी गोडधोड झाले होते, असे आई सांगते.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती अत्याचार प्रतिबंध कायदा १९८९ चा. त्यात २०१५ साली दुरुस्ती झाली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली. त्यातल्या कलम ३(१)(झेडए)(बी) नुसार, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला सार्वजनिक ठिकाणी सायकल किंवा मोटरसायकल चालवण्यापासून, पादत्राणे किंवा नवे कपडे घालण्यापासून, वरात काढण्यापासून किंवा वरातीत घोड्यावर बसण्यापासून अडवणे हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षे आणि दंड. एकविसाव्या शतकात संसदेला कायद्यात 'सायकल' हा शब्द लिहावा लागला, कारण तो लिहिण्याची वेळ या देशातल्या गावांनी आणली. आम्ही हे कलम कोर्टात कितीतरी वेळा वाचले असेल. त्यातला 'सायकल' हा शब्द आमच्या मनाला लागला तो मात्र पाय मोडल्यावर.

बाबासाहेबांचाही पाय असाच मोडला होता. २३ ऑक्टोबर १९२९ रोजी चाळीसगावला. ते तेव्हा बॅरिस्टर होते आणि अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या मुंबई सरकारच्या समितीचे सदस्य होते. स्टेशनवर एकही टांगेवाला त्यांना बसवून टांगा हाकायला तयार झाला नाही. आपला पाहुणा पायी कसा न्यायचा, हे वस्तीतल्या लोकांना बरे वाटेना. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, पण टांगेवाला नाही. वस्तीतलाच एक माणूस हाकायला बसला, ज्याला सवय नव्हती. पुलावर टांगा उलटला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पायाचे हाड मोडले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे आणि दोष त्या बिचाऱ्या बांधवावर न टाकता टांगेवाल्यांच्या डोक्यात बसलेल्या जातीवर टाकला आहे.

या प्रसंगातून आपण एक गोष्ट नेहमी घेतो, ती म्हणजे जातीचा विखार. ती घेतलीच पाहिजे. पण आमच्या मते त्यात आणखी एक धडा आहे. ज्यांचा मान सतत हिरावला गेला, त्यांना वाहनात मान दिसू लागतो. आज आपल्या वस्तीतला तरुण नोकरी लागण्यापूर्वी हप्त्यावर मोटरसायकल घेतो, ती याच भावनेतून. त्याला आम्ही दोष देत नाही. आमचाही हप्ता चालूच होता. पण ज्या रस्त्यावरून जाण्याचा हक्क आपण लढून मिळवला, त्या रस्त्यावर कशावरून जायचे हे शेजाऱ्याच्या हसण्यावर ठरवायचे असेल, तर त्या हक्काचा उपयोग काय? चळवळीला तर सायकल परकी नाही. १९८३ साली मान्यवर कांशीराम डीएस-फोरच्या कार्यकर्त्यांना घेऊन सायकलवरून राज्याराज्यांत फिरले, तेव्हा त्यांना कुणी विचारले नव्हते की गाडी विकली काय. पाचव्या दिवशी आम्ही उजाडल्यावर बाहेर पडलो.

आता डोंगरवाटेकडे येऊ. आम्हाला कसलाही साहसी खेळ करायचा नव्हता. आमच्या भागात दुखऱ्या पायाच्या माणसाला मोठ्या रस्त्यावर सायकल चालवणे धोक्याचे आहे, म्हणून आम्ही कच्च्या वाटेला लागलो. मुंबई-नाशिक महामार्गावर वासिंद-आसनगावकडे कंटेनरची रांग असते. कल्याणहून मुरबाडवरून माळशेजला जाणारा रस्ता, शहापूर-मुरबाड-कर्जत रस्ता, सगळीकडे अवजड वाहने. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. तो आमच्या शहापूर तालुक्यातून जातो, पण त्यावर सायकल काय, मोटरसायकललाही प्रवेश नाही. उरतात त्या भातसा कालव्याच्या कडेच्या वाटा, किन्हवली आणि धसईकडचे मुरमाचे रस्ते, बैलगाडीच्या चाकोऱ्या, पाड्यांना जोडणाऱ्या पायवाटा. तिथे ट्रक नाही, हॉर्न नाही, पडलो तर मातीत पडतो. फेब्रुवारीत एक्स-रे काढून हाड पूर्ण जुळल्याचे डॉक्टरांनी सांगितल्यावरच आम्ही या वाटांवर सायकल घातली. त्यापूर्वी नाही. जुळत आलेले हाड पुन्हा मोडले तर पहिल्यापेक्षा अवघड होऊन बसते, हे कुणीही विसरू नये.

याला जगात माउंटन बायकिंग म्हणतात आणि दुकानात त्यासाठी ५० हजारांपासून काही लाखांपर्यंतच्या सायकली मिळतात. रविवारी पहाटे ठाणे-कल्याणकडचे हौशी सायकलस्वार आपल्या तालुक्यांतून जातात, त्यांच्याकडे त्या दिसतात. त्यांच्याविषयी आमच्या मनात अढी नाही. पंक्चर झाले तर थांबून मदत करणारी ती माणसे आहेत. पण हा खेळ जन्मला तो महागड्या सायकलींवर नव्हे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मरीन परगण्यात सत्तरच्या दशकात काही तरुणांनी तीस-चाळीस वर्षे जुन्या, जाड टायरच्या, अडगळीत पडलेल्या सायकली उचलल्या आणि त्या डोंगरावरून खाली सोडल्या. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांची पहिली शर्यत झाली. उतरताना मागच्या चाकातला ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि दरवेळी ते नव्याने भरावे लागे. त्यावरूनच त्या शर्यतीला 'रीपॅक' हे नाव पडले. वीस वर्षांत, १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये, हा खेळ दाखल झाला. अडगळीतून निघालेला खेळ नंतर पैसेवाल्यांचा झाला. आणि आपल्या ठाकूर-कातकरी पाड्यांवरची पोरे गवताचा भारा मागे बांधून मुरमाच्या उतारावरून सायकल आणतात, त्याला तर कुणी खेळही म्हणत नाही.

मुलीची सायकल कच्च्या वाटेला कमी पडू लागली, तेव्हा आम्ही एक जुनी गिअरची सायकल घेतली. हिशेब मांडतो, कारण आपल्या लोकांना हिशेब लागतो. लोखंडी फ्रेमची, २६ इंची चाकांची जुनी सायकल ३,५०० रुपये. खाचांचे दोन जाड टायर आणि ट्यूब १,१००. चेन आणि फ्रीव्हील ७००. ब्रेकचे रबर आणि वायर ३००. हेल्मेट ९००. हातपंप आणि पंक्चरचे सामान ३५०. एकूण ६,८५० रुपये. सतरा वेळच्या फिजिओथेरपीची ही फी झाली, रिक्षा सोडून. अर्थात फिजिओथेरपिस्टची जागा सायकल घेऊ शकत नाही. काय करायचे आणि काय करायचे नाही, हे त्यांच्याकडूनच शिकावे लागते. पण शिकलेले रोज करायला घरी काही साधन लागते, ते सायकल देते.

विकत घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. एक, फ्रेमला तडा किंवा वेल्डिंगचा जोड नसावा आणि चाक फिरवून पाहिल्यावर डुगडुगू नये. दोन, स्वस्तातल्या सायकलींना पुढे-मागे शॉकअप लावलेले असतात, त्यांना भुलू नये. ते जड असतात, लवकर सैल होतात आणि चढावर ताकद खातात. त्यापेक्षा साधा लोखंडी चिमटा आणि जाड टायर बरा. तीन, सायकल आपल्या उंचीची असावी. पायडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हावा, इतकी सीट उंच हवी. म्हणजे पंजाने पायडल मारताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. सीट फार खाली असेल तर गुडघ्यावर ताण येतो. सुरुवातीचे काही दिवस तोल जाण्याच्या भीतीने सीट खाली ठेवली तरी हळूहळू वर न्यावी.

चालवण्याचेही काही नियम आम्ही चुकत-माकत शिकलो. जोर लावून हळू पायडल मारण्यापेक्षा हलका गिअर टाकून भरभर मारावे. गुडघ्यावर भार कमी पडतो. खडबडीत वाटेवर टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवावी, म्हणजे दणके कमी बसतात आणि पकड मिळते. उतारावर फक्त पुढचा ब्रेक दाबू नये. दोन्ही हळूहळू दाबावेत. दुसऱ्या दिवशी सकाळीही गुडघा सुजलेला किंवा दुखरा असेल, तर आदल्या दिवशी जास्त झाले असे समजून निम्म्यावर यावे. पावसाळ्यात शेवाळलेल्या खडकावर आणि चिखलात जाऊ नये. आपल्याकडचा काळ म्हणजे दिवाळीपासून होळीपर्यंत. उन्हाळ्यात नऊच्या आत घरी यावे. एकट्याने जाऊ नये, कारण डोंगराच्या कुशीत मोबाइलला रेंज नसते. माहुलीचा परिसर तानसा अभयारण्यात येतो, तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय सायकल घालू नये.

आता वकील म्हणून दोन शब्द. अपघात झाला तर पैशाअभावी उपचार थांबवू नका. २०२५ पासून केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातील जखमीला, अपघातापासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत कॅशलेस उपचार मिळतात. रुग्णालयात भरती करतानाच त्याची मागणी करा. धडक देऊन वाहन पळून गेले आणि सापडले नाही, तर १ एप्रिल २०२२ पासून गंभीर जखमीला ५० हजार आणि मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख रुपयांची तरतूद आहे. वाहन ठाऊक असेल तर नुकसानभरपाईचा दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करा. पोलिसांत नोंद, दवाखान्याचे कागद आणि बिले जपून ठेवा. आणि तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात फिजिओथेरपीची सोय मागा, संघटनेच्या निवेदनात हा मुद्दा घाला. हाड सरकारी दवाखान्यात जुळावे आणि पाय मात्र खासगीत पैसे मोजून वाकावा, ही वाटणी आपण मुकाट मान्य का करावी?

आमची एक सूचना आहे. प्रत्येक विहारात किंवा वाचनालयात दोन जुन्या सायकली दुरुस्त करून ठेवाव्यात. त्यातली एक बिनदांड्याची असावी आणि तिला मागचे चाक उचलणारा स्टँड असावा. वस्तीत कुणाचे ऑपरेशन झाले की डॉक्टरांच्या सल्ल्याने ती त्याच्या पडवीत जाईल, बरे झाल्यावर परत येईल. दुसरी सायकल शाळकरी मुलींसाठी. बिहारमध्ये २००६ पासून नववीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकल देण्याची योजना सुरू झाली आणि माध्यमिक शाळेतली मुलींची संख्या लक्षणीय वाढली, हे अभ्यासांतून दिसले आहे. आपल्याला त्यासाठी सरकारची वाट पाहण्याची गरज नाही. पाच घरांच्या पडवीत पडलेल्या पाच गंजक्या सायकलींतून दोन चांगल्या सायकली तयार होतात.

आता वर्ष उलटून गेले. पाय पूर्वीसारखा झाला, असे आम्ही म्हणणार नाही. थंडीत सळईच्या जागी ठणकते, जिने उतरताना कठडा धरावा लागतो. पण आम्ही कोर्टात दिवसभर उभे राहू शकतो आणि रविवारी कालव्याच्या कडेने दहा-बारा किलोमीटर जाऊन येतो. चढ फार उभा असला तर खाली उतरतो आणि सायकल ढकलत नेतो. परवा एका पाड्यावरच्या म्हाताऱ्या बाबांनी विचारले, 'काय मास्तर, दमलात?' आम्ही म्हणालो, 'दमलो बाबा, पायात सळई आहे.' ते म्हणाले, 'मग बसा, पाणी प्या.' आम्ही बसलो, पाणी प्यालो आणि पुन्हा चढलो.

वडील खाली उतरत ते वाड्याच्या धाकाने. आम्ही उतरतो ते गुडघा सांगतो म्हणून. या दोन उतरण्यांच्या मध्ये जे अंतर आहे, ते आपल्या लोकांनी लढून कापले आहे. ज्यांचा हात-पाय अपघाताने अधू होऊन ते ओट्यावर बसले आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारावे, पडवीतली सायकल पुसावी आणि दिवसाउजेडी बाहेर काढावी. हसणारे दोन दिवस हसतील. तिसऱ्या दिवशी त्यांच्यापैकीच एखादा विचारील, 'ही केवढ्याला पडली?'